नखांवर हाताने चित्र काढताना अ‍ॅक्रिलिक रंग गुळगुळीत कसा बसवायचा

"माजो हातच थरथरता गे ताई." नखांवर चित्र काढायला शिकणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी सुरुवातीला हेच म्हणते. तिचं काम जवळून पाहिलं तर वेगळंच दिसतं. रेषेची कड फाटलेली असते, पाकळीवर ब्रशचे ओरखडे उठलेले असतात, नाहीतर रंग मधूनच मागे सरून गोळा झालेला असतो. यातला एकही दोष थरथरत्या हाताचा नाही. हात हलला तर रेषा वाकडी येते, खरखरीत येत नाही. खरखरीत येते ती रंगात पाणी चुकल्यामुळे, खालचं नख नीट तयार नसल्यामुळे किंवा अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवल्यामुळे. दारापुढे रांगोळी काढणाऱ्या हातांना रेषेची सवय असतेच. त्यांना कमी पडते ती या रंगाची ओळख.

नेहमीच्या नेलपॉलिशवर किंवा जेलवर (खास दिव्याखाली पक्कं होणारं पॉलिश) अ‍ॅक्रिलिक रंगाने चित्र कसं काढायचं, ते इथे सांगते आहे. पावडर आणि लिक्विड एकत्र करून नखं लांब करतात ती अ‍ॅक्रिलिक नखं निराळी, त्या पावडरीची आणि आपल्या बाटलीतल्या रंगाची गल्लत करू नका. शिवाय सगळ्या वेळा कोकणातली हवा धरून दिल्या आहेत. कोरड्या हवेच्या शहरात केलेल्या व्हिडिओतलं "दोन मिनिटं थांबा" मालवणात गणपतीच्या दिवसांत उपयोगाचं नाही.

रंग कोणता घ्यावा

अ‍ॅक्रिलिक रंगात रंगद्रव्याची बारीक पूड आणि अ‍ॅक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. पाणी उडून गेलं की राळेचे कण एकमेकांना चिकटतात, सलग पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती लक्षात असू द्या.

आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात फेविक्रिलच्या छोट्या बाटल्या आणि कॅमलच्या ट्यूब सहज मिळतात. दोन्ही चालतात. बाटलीतला रंग मुळातच पातळ असतो, ट्यूबमधला घट्ट, एवढाच फरक पाणी घालताना ध्यानात ठेवायचा. नवशिक्यांनी बाटलीने सुरुवात करावी. पर्ल आणि मेटॅलिक रंग मात्र पहिल्याच दिवशी घेऊ नका. त्यात चकाकीसाठी अभ्रकाचे बारीक पापुद्रे असतात, ते ब्रशच्या दिशेने आडवे बसतात आणि प्रत्येक ओढ दिसते.

पांढरा, काळा, पिवळा, लाल, निळा एवढे पाच रंग पुरतात. पांढरा मोठा घ्या, तोच सर्वात आधी संपतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते खालचा रंग उत्तम झाकतं. पिवळा आणि बरेचसे लाल रंग पारदर्शक असतात. ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असेल तर तो पाहा: भरलेला चौकोन म्हणजे झाकणारा रंग, रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा भरलेला म्हणजे मधला. गडद नखावर पिवळं फूल काढताना चार-चार थर चढवणाऱ्या मुली मी पाहते. थर वाढले की उंचवटे वाढतात आणि गुळगुळीतपणा तिथेच संपतो. आधी फुलाचा आकार पांढऱ्याने भरा, तो वाळू द्या, मग वर पिवळ्याचा एकच पातळ थर द्या.

बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे होतात आणि ते नखावर खड्डे बनून वाळतात. तळाशी बसलेला रंग टूथपिकने हळू ढवळा. तोंडाशी वाळलेला रंग असेल तर तो आधी पुसून टाका. रंगात कचकच लागते ती बहुतेक वेळा या वाळलेल्या पापुद्र्याचीच. बाटलीत ब्रश घालायचा नाही. लागेल तेवढा थेंब टूथपिकने बाहेर काढायचा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे चित्रकलेचे रंग आहेत, सौंदर्यप्रसाधन म्हणून तपासलेले नाहीत. बाटलीवर बिनविषारी लिहिलेलं असलं तरी उघड्या नखावर थेट लावू नका. खाली बेस कोट आणि पॉलिश, वर टॉप कोट, या दोघांच्या मध्येच हा रंग राहिला पाहिजे. ट्यूबवर कॅडमियम किंवा कोबाल्ट असलेलं रंगद्रव्य लिहिलं असेल तर ती ट्यूब कागदासाठी ठेवा. आपण हाताने भात कालवून जेवतो, म्हणून टॉप कोट उडालेल्या नखावर चित्र तसंच ठेवायचं नाही. बोटं चोखणाऱ्या लहान मुलांच्या नखांवर हे करूच नये. नखाला बुरशी किंवा जखम असेल तर आधी ती बरी होऊ द्या.

नखाची तयारी

आपल्या घरांत हाताला सतत काहीतरी लागत असतं. सकाळी केसांना खोबरेल, दुपारी नारळ खवणं, मग मासे साफ करणं. तेलाचा पुसटसा थर नखावर राहिला तरी पाण्यातला रंग त्यावर टिकत नाही. साबणाने हात धुवा, जुना ब्रश घेऊन नखाखालून आणि कडांवरून फिरवा.

धुतल्यावर लगेच पॉलिश लावू नका. नख पाणी शोषतं आणि किंचित फुगतं, सुकल्यावर पुन्हा मूळ आकारावर येतं. फुगलेल्या नखावर लावलेलं पॉलिश म्हणूनच लवकर सुटतं. भांडी किंवा कपडे धुऊन आलेल्या बाईला अर्धा तास बसवा, तोवर चहा होऊ द्या. मग मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कपड्यावर घेऊन प्रत्येक नख पुसा. कापसाचे तंतू नखावर राहतात आणि रंगात अडकतात, म्हणून कापूस नको.

बेस कोट, त्यावर पॉलिशचे दोन पातळ हात. इथे घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. पॉलिश वरून दहा-पंधरा मिनिटांत कोरडं लागतं, पण आत कित्येक तास मऊ असतं. त्यावर ओला ब्रश टेकवला की दबलेल्या खुणा उठतात. लग्नाचं काम असेल तर मी पॉलिश आदल्या रात्री लावून घ्यायला सांगते आणि चित्र सकाळी काढते. जेल असेल तर हा प्रश्न नाही. दिव्याखाली पक्कं झाल्यावर वर जो चिकट थर राहतो तो अल्कोहोलने पूर्ण पुसून काढा. त्या चिकट थरावर अ‍ॅक्रिलिक नीट पसरत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. चकचकीत पॉलिशवर पाण्यातला रंग पसरत नाही, आकसून थेंब बनतो. रंग फाटतो असं ज्याला म्हणतात ते हेच. यावर उत्तम उपाय मॅट, म्हणजे चमक नसलेला, टॉप कोट. एक पातळ हात द्या आणि चांगला वाळू द्या. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, रंगाला धरायला जागा मिळते आणि रेषा जिथे ठेवाल तिथेच राहते. मॅट टॉप कोट नसेल तर बारीक बफर (नख घासायची मऊ पट्टी) अगदी अलगद, दोन-तीनदाच फिरवा. चमक गेली की थांबा आणि धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका.

नख तयार आहे का हे विचारायचं असेल तर नखालाच विचारा. स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून, निथळून नखावरून एकदा ओढा. पाण्याचा सलग पातळ थर राहिला तर तयार. पाणी तुटून थेंब झाले तर तेल किंवा चमक शिल्लक आहे. मग पुन्हा पुसा. ही चाचणी काही सेकंदांची आहे, आणि पाकळी फाटल्यावर पूर्ण नख पुसून परत सुरू करण्यापेक्षा कितीतरी सोपी.

पाणी किती

रंग पातळ करायला फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्यातले क्षार वाळताना कडेला पांढुरकी रेघ सोडतात. दोन भांडी ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला. ड्रॉपर किंवा औषधाच्या बाटलीचं टोपण असेल तर पाणी मोजून घालता येतं. ब्रशने अंदाजे घातलेलं पाणी प्रत्येक वेळी वेगळं पडतं आणि एका हाताची पाच बोटं पाच प्रकारची दिसतात.

आकार भरायला रंग नारळाच्या पहिल्या दाट रसाइतका हवा, बारीक रेषेला दुसऱ्या पातळ रसाइतका. ही खूण ज्यांच्या स्वयंपाकघरात रोज नारळ असतो त्यांना लगेच कळते. थेंबांत सांगायचं तर बाटलीतल्या रंगाचे चार-पाच थेंब आणि पाण्याचा एक थेंब हे भरण्यासाठी, दोन थेंब रंग आणि एक थेंब पाणी हे रेषेसाठी. ट्यूबच्या रंगाला जास्त लागतं. ट्यूबचा वाटाण्याएवढा रंग घ्या, थेंब-थेंब पाणी घाला आणि प्रत्येक थेंबानंतर पूर्ण मिसळा.

यापुढे पाणी वाढवू नका. रंगाच्या निम्म्याहून जास्त पाणी झालं की राळेचे कण एकमेकांपासून लांब पडतात, पापुद्रा कमकुवत होतो. असा रंग वाळल्यावर खडूसारखा निस्तेज दिसतो आणि टॉप कोटच्या ब्रशला लागून निघून येतो. त्याहून पातळ हवाच असेल तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिकचं ग्लेझिंग मीडियम किंवा फ्लो इम्प्रूव्हर घाला. मीडियममध्ये राळ असतेच, त्यामुळे रंग पातळ होऊनही धरून राहतो. फ्लो इम्प्रूव्हरचे मोजके थेंब पाण्यात मिसळले की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि रंग सहज पसरतो. भांड्यांच्या साबणाचा थेंब घालायची युक्ती ऐकू येते. ती करू नका, फेस होतो.

तपासणीसाठी एक प्लॅस्टिकचं खोटं नख किंवा जुनी पट्टी घ्या, तिच्यावर पॉलिश आणि मॅट टॉप कोट लावून ठेवा. त्यावर दोन सेंटिमीटरची रेघ ओढा आणि वाळेपर्यंत पाहा. कड तुटक आली आणि मध्ये उंच वरंबा राहिला तर रंग घट्ट आहे. मध्य फिका पडून कडा गडद झाल्या तर पाणी जास्त आहे: कडेला पाणी आधी उडतं आणि मधलं रंगद्रव्य तिकडे वाहत जातं. रेघ सपाट, सगळीकडे एकाच रंगाची आणि बोट फिरवलं तर न जाणवणारी असेल तर त्या मापाला हात लावू नका, लगेच काम सुरू करा.

मिसळताना अजून एक ध्यानात घ्या. ओली राळ दुधाळ असते, वाळली की पारदर्शक होते. म्हणून अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतं. हवी त्यापेक्षा थोडी फिकी छटा बनवा.

ब्रश आणि हात

तीन ब्रश पुरे. लांब केसांचा लायनर रेषेसाठी, ३/० किंवा त्याहून बारीक छोट्या केसांचा बारकाव्यासाठी, आणि एक छोटा चपटा, तिरक्या टोकाचा पाकळ्यांसाठी. केस सिंथेटिक हवेत. नैसर्गिक केस पाणी जास्त शोषतात आणि अ‍ॅक्रिलिकने लवकर खराब होतात. लांब रेषेसाठी सर्वात आखूड, सर्वात बारीक ब्रश घ्यायचा मोह होतो. तो रंग पुरेसा धरत नाही, रेषा अर्ध्यात संपते आणि तिथे जोड दिसतो. लांब केसांचा लायनर रंग साठवतो आणि हाताची बारीक थरथर केसांतच जिरवतो.

ब्रश आधी पाण्यात बुडवून टिश्यूवर टिपा. कोरड्या ब्रशमध्ये रंग केसांच्या मुळाशी चढतो. रंग केसांच्या दोन-तृतीयांशापर्यंतच घ्या, धातूच्या पट्टीला लागू देऊ नका. मग पॅलेटवर ब्रश आडवा ठेवून गोल फिरवत मागे ओढा, टोक येतं आणि जास्तीचा रंग उतरतो. टोकाला थेंब लोंबत असेल तर तो पहिल्या स्पर्शाला नखावर पडणार.

कोपर टेबलावर, मनगट टेकलेलं, करंगळी समोरच्याच्या बोटावर. हात हवेत ठेवून कुणालाही सरळ रेषा येत नाही. रेषा स्वतःकडे ओढा. वळण आलं की ब्रश वळवण्याऐवजी समोरच्याचं बोट हळू फिरवा, हे एकदा जमलं की गोल आकार सोपे होतात. गती मध्यम आणि सलग ठेवा. फार सावकाश ओढलेली रेषा डुगडुगते. जाडी दाबावर ठरते: टोक टेकवलं की बारीक, थोडं दाबलं की जाड, उचलता उचलता ओढलं की निमुळती.

आता तो नियम, जो मी शिकणाऱ्यांना सारखा सांगते. ओल्यावर ओलं चालतं, वाळलेल्यावर ओलं चालतं, अर्धवट वाळलेल्यावर काहीही चालत नाही. रंग टेकल्यावर काही सेकंद मोकळा असतो, तेवढ्यात हवं तर सारखा करा. नंतर वर बारीक साय धरते. त्यावर ब्रश गेला की साय फाटते, खालचा ओला रंग वर येतो आणि ओरखडा कायमचा राहतो. जागा मोकळी राहिली, काठ चुकला, काहीही झालं असलं तरी हात मागे घ्या, पूर्ण वाळू द्या आणि पुढच्या थरात दुरुस्त करा. एक जाड थर कधीच गुळगुळीत होत नाही, दोन किंवा तीन पातळ थर होतात.

चूक ताजी असेल तर मात्र अ‍ॅक्रिलिक फार उदार आहे. ओलसर स्वच्छ ब्रशने ती पुसून निघते आणि खालच्या पॉलिशला काही होत नाही. कडेच्या त्वचेवर गेलेला रंगही लगेच ओलसर ब्रशने काढा.

आपली हवा

जून ते सप्टेंबर कोकणातली हवा पाण्याने भरलेली असते, आणि नेमका याच काळात गणपतीसाठी कामाचा रेटा असतो. चाकरमानी येतात, घरात पाहुणे, सगळ्यांना चतुर्थीच्या आधी नखं करून हवीत. पाणी हवेत उडायला जागाच नसेल तर रंग वाळणार कसा? मार्चमध्ये पाच मिनिटांत वाळणारा पातळ थर ऑगस्टमध्ये पंधरा-वीस मिनिटं घेतो. वाळला की नाही हे दोन खुणांवरून ओळखा: ओली चमक जाऊन रंग सगळीकडे सारखा झाला पाहिजे, आणि वरच्या ओठाला नख हलकेच टेकवल्यावर गार लागता कामा नये. गार लागतं म्हणजे अजून पाणी उडतं आहे.

टेबलफॅन लांबून, हळू गतीवर सोडा. हेअर ड्रायर गरम लावू नका, वरची साय लवकर धरते, आत पाणी अडकतं आणि खालचं पॉलिशही मऊ होतं. तोंडाने फुंकर घालायची सवय सोडा, श्वासात ओलावाच असतो. एकाच बोटामागे बसून वाट पाहण्यापेक्षा दहाही बोटांचा पहिला थर देत जा. शेवटच्या बोटापर्यंत पोहोचता तोवर पहिलं पुढच्या थराला तयार होतं. पावसाळ्यात डिझाइनही कमी थरांचं निवडा. त्या दिवसांत मी भरलेल्या फुलांऐवजी रेषा आणि ठिपक्यांची कामं सुचवते, ती वेळेत होतात आणि टिकतात.

पावसाळ्यातली दुसरी अडचण टॉप कोटची. पॉलिश आणि टॉप कोटमधली द्रावकं भराभर उडतात आणि उडताना पृष्ठभाग गार करतात. दमट हवेतला ओलावा त्या गार पृष्ठभागावर बसतो आणि वर पांढुरकी झाक येते. रंग उडाला म्हणून घाबरू नका. शक्य असेल तर एसीच्या खोलीत किंवा निदान खिडकी बंद करून, स्वयंपाकघरापासून लांब बसून वर आणखी एक पातळ हात द्या, झाक बहुतेक वेळा जाते. पण पांढुरकेपणा खालच्या चित्रात असेल, म्हणजे अ‍ॅक्रिलिक ओलं असताना वर टॉप कोट गेला असेल, तर काढून पुन्हा करण्यावाचून इलाज नाही.

एप्रिल-मेच्या लग्नसराईत सगळं उलट होतं. पंखा जोरात, हवा तापलेली, रंग पॅलेटवरच साय धरतो. स्टीलच्या चपट्या डब्यात ओला टिश्यू पसरा, त्यावर बटर पेपर घाला आणि रंग त्यावर काढा. खालून ओलावा मिळत राहतो, झाकण लावलं तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. पंखा कामाच्या हातावर येऊ देऊ नका. दर चार-सहा ओढींनंतर ब्रश धुऊन नव्याने रंग घ्या. रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश वाळावा म्हणून घालायचं द्रव्य, घालत असाल तर अगदी थेंबभर. जास्त झालं तर रंग चिकटच राहतो.

एक फूल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सरावाला अबोली घ्या. तिच्या पाकळ्या एका बाजूला अर्धवर्तुळात पसरतात, चारही बाजूंनी फूल जुळवायची चिंता नसते. गडद हिरव्या किंवा मरून पॉलिशवर ती खुलते.

मॅट टॉप कोट वाळल्यावर नखाच्या मुळापासून आणि टोकापासून केसभर जागा सोडून फुलांच्या जागा ठरवा. ही जागा नुसती शोभेची नाही. तिथे टॉप कोट थेट खालच्या पॉलिशला चिकटतो आणि चित्राच्या कडेतून पाणी आत जात नाही. मधल्या बोटावर तीन फुलं पुरतात, सगळ्या नखांवर भरगच्च काढू नका.

चपट्या ब्रशवर भरण्याच्या मापाचा पांढरा घ्या. ब्रशची धार पाकळीच्या बाहेरच्या कडेला टेकवा, किंचित दाबा, मध्याकडे ओढत उचला. एक पाकळी म्हणजे एकच ओढ. मधली पाकळी आधी, मग दोन्ही बाजूंच्या. पाचही झाल्या की हात काढून घ्या. पांढरा कुठे विरळ दिसला तरी आत्ता काही करायचं नाही.

वाळल्यावर पिवळ्यात थोडा लाल आणि चिमूटभर पांढरा मिसळून अबोली रंग करा, ओला असताना थोडा फिका दिसेल असाच. त्याच ओढींनी पांढऱ्यावर द्या, पण पांढऱ्याच्या बाहेर जाऊ नका. तो वाळला की त्याच रंगात लालचा आणखी एक कण घालून, रेषेच्या मापाने, लायनरने प्रत्येक पाकळीच्या मुळातून दोन-तीन निमुळत्या रेघा बाहेर काढा. मध्याला पिवळा ठिपका. खाली बारीक हिरवा देठ, एकाच ओढीत. जिथे दोन पाकळ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात तिथेच फक्त गडद रेष द्या. पूर्ण फुलाला काळी कड काढली की अबोलीचा नाजूकपणा जातो.

अबोली जमली की सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, समोर ठेवून सराव करा, मला यासारखा गुरू दुसरा दिसत नाही. दशावतारी गंजिफेच्या संचात १२० गोल पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर ती आजही हाताने रंगवताना पाहायला मिळतात. नीट पाहिलंत तर काम कसं चढत जातं ते कळतं: सपाट रंग, त्यावर रेषा, त्यावर ठिपके. मत्स्याच्या पानांवर छोटे मासे पुन्हापुन्हा येतात. अंगठ्याच्या नखावर तसे तीन मासे एकसारखे काढून पाहा. एकसारखेपणा आला म्हणजे रंगाचं माप आणि दाब दोन्ही हाताला समजले.

उजव्या हाताने काम करणाऱ्या मुलींचा स्वतःच्या उजव्या नखांचा प्रश्न राहतोच. त्यासाठी पॉलिथीनची जाड पिशवी टेबलावर ताणून चिकटवा आणि चित्र तिच्यावर काढा, किंचित जाड थरात. पॉलिथीनला अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पूर्ण वाळल्यावर चित्र चिमट्याने सोलून निघतं. नखावर टॉप कोटचा पातळ हात द्या, तो चिकट असताना चित्र ठेवा, मधून कडेकडे दाबत हवा काढा. पावसाळ्यात अशी सोललेली चित्रं एकमेकांवर ठेवू नका, ती जुळून जातात. प्रत्येकाच्या मध्ये बटर पेपर ठेवा.

टॉप कोट

इतकं सगळं नीट होऊन चित्र बिघडतं ते या शेवटच्या मिनिटात. अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण टॉप कोटमधल्या एथिल अ‍ॅसिटेट, ब्यूटिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांनी थोडं मऊ होतं. वर ब्रश घासला गेला की रंग ओढला जातो. म्हणून शेवटच्या थरानंतर उन्हाळ्यात वीस मिनिटं, पावसाळ्यात निदान पाऊण तास थांबा. नंतर टॉप कोटचा भरपूर थेंब ब्रशवर घ्या, नखाच्या मुळाजवळ ठेवा आणि त्या थेंबालाच ब्रशने पुढे ढकला. ब्रशचे केस चित्राला लागता कामा नयेत, मध्ये नेहमी टॉप कोटचा थर असावा. एका जागेवरून दुसऱ्यांदा जाऊ नका. ब्रशला रंग लागला तर तो टिश्यूवर पुसूनच पुन्हा बाटलीत घाला. शेवटी नखाच्या टोकाच्या धारेवरून एक ओढ.

अर्ध्या तासाने दुसरा हात द्या. थरांचे बारीक उंचवटे या दुसऱ्या हाताने भरून निघतात, बोट फिरवलं तर काच लागते. जेल टॉप कोट वापरत असाल तर अ‍ॅक्रिलिक वाळण्याची वाट आणखी कडक पाळा. आत ओलावा राहिला तर दिव्याखाली बुडबुडे येतात किंवा काही दिवसांत पूर्ण थर एकसंध सुटतो.

पहिला दिवस गरम पाणी आणि भांडी टाळा. पुढेही भांडी घासताना, मासे साफ करताना हातमोजे घाला. तीन-चार दिवसांनी टॉप कोटचा एक पातळ हात दिला की चित्र आठवडाभर टिकतं.

काढताना अ‍ॅसिटोन लावलेला कापूस नखावर मिनिटभर दाबून धरा आणि एकाच दिशेने पुसा. अ‍ॅक्रिलिक विरघळून जात नाही, मऊ होऊन तुकड्यांनी निघतं, म्हणून घाईने नखाने खरवडू नका. पुन्हा कापूस दाबा. हात धुऊन नखांच्या मुळाशी खोबरेल चोळा. ब्रश काम संपताक्षणी साबणाने धुवा, धातूच्या पट्टीजवळचा रंग बोटांनी दाबून काढा, टोक जुळवा आणि आडवे वाळवा. उभे ठेवले तर पाणी पट्टीत उतरतं आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते.